काजूचा धंदा शेअर बाजारात न्यायचा, तर आधी घरातले कपाट उघडा

काजू, मसाले, लोणची, बेबिंक किंवा खाजे विकणाऱ्या गोव्यातल्या घराकडे मर्चंट बँकर (कंपनीचे शेअर बाजारात आणून देणारा) येतो तेव्हा बोलणे शेअरच्या भावावरून सुरू होते. ते शेवटी व्हायला हवे. फर्मचा भागीदारी करार, ब्रँडचे नोंदणीपत्र, औद्योगिक वसाहतीतल्या प्लॉटचा लीज करार आणि भावंडांची लग्नपत्रे (आमंत्रणाची नव्हेत, सिव्हिल रजिस्ट्रारकडची) हे सगळे आधी टेबलावर यायला हवे. यांतला एकही कागद अडला तर पब्लिक इश्यू (लोकांना शेअर विकणे) अडतो, आणि तो अडतो तेव्हा निम्मा खर्च होऊन गेलेला असतो.

खाली आहे ती साधारण तीन वर्षांची तयारी. तयारी करूनही शेवटी लिस्टिंग (शेअर बाजारात नोंद) नको असे ठरले, तरी त्यातले बहुतेक काम वाया जात नाही.

पैसा कशाला हवा, हे आधी कागदावर

कुटुंबे शेअर बाजारात दोन कारणांनी जातात. एक, धंद्याला भांडवल हवे असते. दोन, घरातल्या कोणाला आपला हिस्सा मोकळा करून बाहेर पडायचे असते. पहिल्यात कंपनी नवे शेअर काढते आणि पैसा कंपनीत येतो. दुसऱ्यात घरचेच शेअर विकले जातात, त्याला ऑफर फॉर सेल म्हणतात, आणि कंपनीला त्यातला एक रुपयाही मिळत नाही. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये बिकाजीचा ८८१ कोटींचा इश्यू आला, २०२४ च्या मार्चमध्ये राजकोटच्या गोपाल स्नॅक्सचा ६५० कोटींचा आला. दोन्ही पूर्णपणे ऑफर फॉर सेल होते. मोठ्यांना हे जमते. छोट्या कंपन्यांच्या, म्हणजे एसएमई बाजारात मार्च २०२५ पासून ऑफर फॉर सेलचा भाग इश्यूच्या २० टक्क्यांपुरताच ठेवता येतो, आणि विकणाऱ्याला स्वतःच्या शेअरपैकी निम्म्याहून जास्त विकता येत नाहीत. म्हणजे धाकट्या काकांना पूर्ण मोकळे करायला एसएमई इश्यू ही वाटच नाही. त्यासाठी घरातच शेअर विकत घ्या.

भांडवल हवे असेल तर हा हिशेब करून पाहा. आकडे मानलेले आहेत, तुमचे घाला. करानंतरचा नफा दीड कोटी. बाजाराने नफ्याच्या १५ पट भाव दिला, तर धंद्याची किंमत साडेबावीस कोटी. नवे शेअर काढून साडेसात कोटी उभे केले की एकूण तीस कोटी, आणि त्यातला चौथा हिस्सा बाहेरच्यांचा. इश्यूचा खर्च ७५ लाख धरा. हातात आले पावणेसात कोटी. आता दरवर्षीचा नवा खर्च: कंपनी सेक्रेटरी, सीएफओ, अंतर्गत ऑडिट, रजिस्ट्रार, एक्स्चेंजची फी. तीस लाख धरले तर कर वजा जाता नफ्यातून साडेबावीस लाख गेले. त्यात आजच्याच नफ्याचा चौथा हिस्सा, साडेसदतीस लाख, मिळवा. शेअरच्या पैशाची वर्षाची किंमत साठ लाख झाली.

तेच पावणेसात कोटी बँकेकडून दहा टक्क्यांनी घेतले तर वर्षाचे व्याज साडेसदुसष्ट लाख, कर वजा जाता सुमारे एकावन्न लाख. शिवाय कर्ज एक दिवस फिटते, चौथा हिस्सा कधीच फिटत नाही, आणि नफा वाढेल तसा तोही वाढतो. 'शेअरचा पैसा फुकटचा, त्याला व्याज नाही' असे कोणी सांगितले तर हा कागद त्याच्यापुढे ठेवा. शेअरचे भांडवल शोभते ते बँक आणखी मर्यादा द्यायला तयार नसेल तेव्हा, किंवा पहिली दोन-तीन वर्षे काहीच न देणारे काम काढायचे असेल तेव्हा: नवे शीतगृह, निर्यातीसाठीची लाईन, परराज्यात वितरण.

इश्यूचा पैसा कशाला वापरणार हे प्रॉस्पेक्टसच्या (इश्यूच्या माहितीपत्रकाच्या) मसुद्यात लिहावे लागते. 'सर्वसाधारण कामकाज' या नावाखाली इश्यूच्या १५ टक्के किंवा १० कोटी, यांपैकी कमी तेवढीच रक्कम ठेवता येते. घरच्यांनी कंपनीला दिलेले कर्ज या पैशातून फेडता येत नाही. बऱ्याच घरांचा बेत इथेच कोसळतो, कारण त्यांचा खरा हेतू तोच असतो.

कोणता बाजार

मुख्य बाजाराच्या नेहमीच्या वाटेने जायला मागच्या तीन वर्षांचा सरासरी ऑपरेटिंग नफा १५ कोटी लागतो. गोव्यातल्या बहुतेक घरगुती धंद्यांसाठी हा विषय इथेच संपतो. उरतात बीएसई एसएमई आणि एनएसई इमर्ज, दोन्ही २०१२ पासूनचे. इश्यूनंतरचे भरणा भांडवल दर्शनी किमतीने २५ कोटींपर्यंत चालते. तीनपैकी किमान दोन वर्षे व्याज, घसारा आणि कराआधीचा नफा प्रत्येकी एक कोटी हवा. बीएसईवर त्याशिवाय तीन कोटींची निव्वळ मूर्त मालमत्ता आणि कर्ज भांडवलाच्या तिपटीच्या आत, अशा अटी आहेत. एनएसई तीनपैकी दोन वर्षे भागधारकांसाठीचा मोकळा रोख प्रवाह (कामकाज, गुंतवणूक आणि कर्जाची देवघेव धरून हातात उरणारी रोकड) धन हवा म्हणते. काजूवाल्यांनी ही शेवटची अट लक्षात ठेवावी, ती पुढे ३१ मार्चला पुन्हा भेटेल.

नवरा-बायकोचे अर्धे-अर्धे

देशातल्या इतर कुटुंबांपेक्षा गोव्याचे घर वेगळे पडते ते इथे, आणि मुंबईच्या सल्लागाराला हे बहुधा ठाऊक नसते.

लग्नाआधी वेगळा करार नोंदवला नसेल तर गोव्याच्या दिवाणी कायद्याने नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते, दोघांचा अविभक्त अर्धा-अर्धा. यात वारशाने आलेलेही येते. डिमॅट खाते एकट्याच्या नावावर असले म्हणून त्यातले शेअर एकट्याचे होत नाहीत. आयकरातही या कायद्याखालच्या जोडप्याचे पगार सोडून बाकीचे उत्पन्न निम्मे-निम्मे विभागले जाते; तुमचा सीए दरवर्षी ते करत असेलच. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले की गोव्याच्या रहिवाशाची मालमत्ता गोव्याबाहेर भारतात कुठेही असली, तरी वारशाला हाच कायदा लागतो. तेव्हा 'कंपनी मुंबईत नोंदवू, म्हणजे सुटू' हा उपाय नाही.

याचे परिणाम मोजून घ्या. वडील वारले, मागे आई आणि चार भावंडे. आईचा अर्धा तिचाच. उरलेला अर्धा चौघांत सारखा, म्हणजे प्रत्येकाला आठवा. लग्न होऊन मडगावला किंवा पुण्याला गेलेली बहीण यात भावाइतकीच आहे. तिचे लग्न सामाईक मालमत्तेचे असेल तर तिच्या आठव्यात जावयाचाही अर्धा आहे. म्हणून इन्व्हेंटरीच्या (वारसा वाटपाच्या न्यायालयीन कामाच्या) कागदावर किंवा वारसा दस्तावर आई, चार मुले आणि त्यांचे चार जोडीदार, अशा नऊ जणांचा संबंध येतो. वडिलांचा फर्ममधला हिस्सा इन्व्हेंटरी न करता 'मोठ्या मुलाने पुढे चालवला' असे जिथे झाले आहे, तिथे मोठ्याच्या नावावर दिसणारे शेअर प्रत्यक्षात कोणाचे, याचे उत्तर कागदावर नसते. इश्यूचा मसुदा २१ दिवस लोकांच्या हरकतींसाठी खुला असतो. नाराज मेहुण्याला याहून सोयीचे व्यासपीठ मिळणार नाही.

करायचे ते असे. जुन्या पिढीत कोणी वारले असेल तर आधी इन्व्हेंटरी किंवा स्पेशल नोटरीपुढचा वारसा दस्त पूर्ण करा. मग शेअर ज्यांच्या नावावर राहणार, त्या प्रत्येकाच्या जोडीदाराची लेखी संमती घ्या: लॉक-इनला (ठरावीक काळ शेअर न विकण्याच्या अटीला), ऑफर फॉर सेल असेल तर विक्रीला, आणि बँकेकडे शेअर तारण ठेवायला. एका मुलाला जास्त शेअर भेट द्यायचे असतील तर बाकीच्या मुलांनाही त्या दस्तात घ्या. मुलांचा राखीव वाटा वारशाच्या निम्मा असतो. त्यावर अतिक्रमण करणारी भेट नंतर कमी करून घेता येते, आणि भेट देताना लिस्टिंग नव्हते म्हणून शेअर पाच रुपयांचा होता, वाद होईल तेव्हा तो पाचशेचा असेल.

प्रवर्तक म्हणजे कंपनी ज्यांच्या ताब्यात आहे ते. प्रवर्तक गटाची व्याख्या याच कुटुंबात आणखी माणसे ओढते. प्रवर्तकाचा जोडीदार, आईवडील, भावंडे, मुले, आणि जोडीदाराचेही आईवडील, भावंडे, मुले, सगळे त्यात येतात. त्यांचा ज्या कंपनीत २० टक्के किंवा अधिक वाटा आहे तीही येते. म्हणजे बायकोच्या भावाच्या कोलव्यातल्या हॉटेल कंपनीचा तपशील तुमच्या काजूच्या प्रॉस्पेक्टससाठी मागवला जाणार. तो बोलत नसेल तर सेबीकडे (शेअर बाजाराच्या नियामकाकडे) सूट मागावी लागते, कारण आणि पत्रव्यवहार जोडून. त्यात महिने जातात. बोलणे बंद पडलेल्या नातेवाइकांची यादी पहिल्याच दिवशी मर्चंट बँकरला द्या. लाज वाटते खरी, पण मसुदा दाखल करायच्या आठवड्यात सांगण्यापेक्षा बरी.

लुधियानाच्या मिसेस बेक्टर्सच्या कुटुंबात आधी धंद्याची वाटणी झाली, सॉसचा भाग एकीकडे आणि बिस्किटे-बेकरी दुसरीकडे. बिस्किटांचा इश्यू त्यानंतर, २०२० च्या डिसेंबरमध्ये आला. हल्दीराममध्ये दिल्ली आणि नागपूर या दोन शाखांनी आधी धंदे एका कंपनीत आणले, आणि २०२५ मध्ये सिंगापूरच्या टेमासेक या गुंतवणूक कंपनीला छोटा हिस्सा दिला, तोही लिस्टिंगविना. वाटणी असो की एकत्रीकरण, दोन्हीकडे घरचा प्रश्न आधी निकालात निघाला.

फर्मची कंपनी करताना

भागीदारी फर्मची कंपनी करायला कंपनी कायद्यात थेट तरतूद आहे. दोन वर्तमानपत्रांत, एक इंग्रजी आणि एक स्थानिक भाषेतले, सूचना द्यायची, हरकतींसाठी २१ दिवस थांबायचे, तारण असलेल्या बँकेचे ना-हरकत पत्र जोडायचे, आणि यूआरसी-१ हा फॉर्म भरायचा. गोव्याचे कंपनी रजिस्ट्रार पणजीला पाटोवर बसतात. एकट्याच्या मालकीचा धंदा या वाटेने जात नाही. आधी कंपनी काढून तिला चालता धंदा करार करून द्यावा लागतो. कंपनी झाल्यावर एक पूर्ण आर्थिक वर्ष गेल्याशिवाय एसएमईचा मसुदा दाखल करता येत नाही. पब्लिक कंपनी होताना सात भागधारक आणि तीन संचालक लागतात. गोव्यातल्या घरात सात माणसे शोधावी लागत नाहीत, ती एकमताने सही करतील का एवढेच पाहायचे.

भांडवली नफ्याचा कर लागू नये म्हणून ज्या अटी आहेत, त्यांतली एक घात करते. भागीदारांना शेअर मिळतात ते भांडवल खात्याच्या प्रमाणात, नफ्याच्या वाट्याप्रमाणे नव्हे. तीन भाऊ, करारात नफा सारखा. पण मोठ्याच्या भांडवल खात्यात ९० लाख, मधल्याच्या ६०, आणि पर्वरीला घर बांधायला पैसे काढलेल्या धाकट्याच्या ३०. रूपांतराच्या दिवशी त्यांचे शेअर ५०, ३३ आणि १७ टक्के होतील. धाकट्याला हे वाटपाच्या दिवशी कळले तर पुढचे सगळे बंद. खाती सारखी करायची असतील तर रूपांतराच्या तारखेच्या पुरेशी आधी, बँकेतून, खऱ्या पैशाने करा. दुसरी अट अशी की जुन्या भागीदारांनी मिळून पाच वर्षे किमान ५० टक्के मतांचा हिस्सा ठेवायचा. तो घसरला तर आधी माफ झालेला कर मागे येतो.

आता कपाटातले बाकीचे कागद.

ब्रँड. नोंदणी बहुतेकदा आजोबांच्या किंवा बंद पडलेल्या जुन्या फर्मच्या नावावर असते, आणि दर दहा वर्षांचे नूतनीकरण कधीतरी राहून गेलेले असते. भाजलेले, खारवलेले काजू आणि लोणची वर्ग २९ मध्ये. मसाले, बेबिंक, दोदोल, खाजे वर्ग ३० मध्ये. एकाच वर्गात नोंद असेल तर दुसऱ्यातही अर्ज करा. मग ब्रँड दस्त करून कंपनीच्या नावावर आणा आणि ट्रेडमार्क कार्यालयात त्याची नोंद घ्या. 'कंपनीने ब्रँड वापरायचा, मालकी आईची, कंपनी तिला रॉयल्टी देणार' ही रचना घरात गोड वाटते. गुंतवणूकदार ती वाचून पान उलटतो.

भौगोलिक मानांकन हा ब्रँड नव्हे. फेणीला ते २००९ मध्ये, बेबिंकला आणि गोव्याच्या काजूला २०२३ मध्ये मिळाले. ते समूहाचे असते. तुम्ही अधिकृत वापरकर्ते होऊ शकता, मालक नाही. काजूवाल्यांनी इथे जपून पाऊल टाकावे. कारखान्यात आफ्रिकेतून आलेल्या बिया फोडल्या जात असतील आणि पाकिटावर 'गोव्याचे काजू' असेल, तर ते दुकानात खपून गेले तरी प्रॉस्पेक्टसमध्ये कच्च्या मालाचा उगम लिहिताना उघडे पडते. आयातीची बिले आणि पाकिटावरचा मजकूर एकमेकांशी जुळवा, आणि स्थानिक बियांचा लॉट खरेदीपासून पॅकिंगपर्यंत वेगळा ठेवा.

प्लॉट. कुंडई, वेर्णे, डिचोली, पिसुर्ले, कुठलीही वसाहत असो, जमीन औद्योगिक विकास महामंडळाची आणि तुम्ही भाडेपट्ट्याने. फर्मची कंपनी झाली की तो घटनेतला बदल ठरतो. महामंडळाची परवानगी आणि शुल्क लागते, शेड वाढवली असेल तर मंजूर नकाशाही मागतात. हे रूपांतरानंतर आठवले तर कारखाना एकाच्या नावावर आणि धंदा दुसऱ्याच्या, असा मधला काळ तयार होतो आणि बँक तारणाबद्दल विचारते. कारखाना स्वतःच्या जमिनीवर असेल तर एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्कनोंदीचा), जमीन बिगरशेती केल्याची सनद आणि जमीन कोमुनिदादची (गावाच्या सामाईक संस्थेची) असल्यास तिचा दस्त बाहेर काढा.

परवाने. एफएसएसएआयचा परवाना फर्मकडून कंपनीकडे सरकत नाही, कंपनीला नवा घ्यावा लागतो. नवा परवाना म्हणजे नवा चौदा आकडी क्रमांक, आणि तो क्रमांक प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो. छापील लॅमिनेटचे रोल सहा-सहा महिन्यांचे मागवायची सवय असेल तर रूपांतराआधी ती मोडा. नाहीतर चतुर्थीच्या तोंडावर गोदामात जुन्या क्रमांकाचे रोल पडलेले आणि मशीन थांबलेले, असे होते. जीएसटीचा क्रमांकही नवा. जुन्या फर्मची शिल्लक क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) आयटीसी-०२ फॉर्मने कंपनीकडे न्यायची, हे जुनी नोंदणी रद्द करण्यापूर्वी. उलट क्रमाने केले की क्रेडिट अडकते.

रूपांतराची तारीख १ एप्रिल सोयीची वाटते, कारण हिशेबाचे वर्ष स्वच्छ सुरू होते. मसाले-लोणच्यांना ती ठीक. काजूवाल्यांसाठी तो दिवस हंगामाच्या ऐन मध्यात येतो.

काजूचा ३१ मार्च

गोव्यात बियांची आवक साधारण मार्च ते मे. वर्षभर फोडायचा माल तीन महिन्यांत विकत घ्यायचा, आणि हिशेबाचे वर्ष नेमके त्या गर्दीत संपते. ताळेबंदाच्या दिवशी गोदाम अर्धे भरलेले, ओल्या-सुक्या पोत्यांची सरमिसळ, बँकेच्या कॅश क्रेडिटची (खेळत्या भांडवलाच्या कर्जाची) उचल चढत असलेली. पब्लिक इश्यूच्या ऑडिटमध्ये सर्वात जास्त प्रश्न याच साठ्यावर येतात.

पहिला प्रश्न ओलाव्याचा. ताज्या बिया १६ टक्के ओलाव्याने १० टन घेतल्या आणि उन्हात वाळवून ८ टक्क्यांवर आणल्या, तर उरतात सुमारे ९ टन १३० किलो. आठशे सत्तर किलो 'गेले'. खरेदीच्या वेळी ओलावा मोजून पावतीवर लिहिला असेल तर ही घट आहे. लिहिला नसेल तर ऑडिटरच्या भाषेत ती तूट आहे, आणि तूट म्हणजे बिनबिलाची विक्री असा संशय. ओलावामापक गोदामाच्या दारावर ठेवणे हा या लेखातला सर्वात स्वस्त सल्ला.

दुसरा प्रश्न उताऱ्याचा. वाळलेल्या शंभर किलो बियांतून साधारण २२ ते २७ किलो गर निघतो. लॉटनुसार फरक पडतो; पण तुमच्या वह्यांत वर्षानुवर्षे नेमका २४ दिसत असेल तर तो मोजलेला नाही, लिहिलेला आहे. प्रत्येक लॉटचा उतारा वेगळा नोंदवा आणि गर प्रतवारीने: डब्ल्यू-१८०, २१०, २४०, ३२०, मग तुकडा. आकडा म्हणजे एका पौंडात किती गर बसतात. लहान आकडा, मोठा गर, जास्त भाव. साठ्यात सगळेच 'काजूगर' म्हणून एका भावाने धरले तर किंमत चुकते, आणि तुकडा २४० च्या भावाने धरला तर नफा फुगतो. अर्धवट माल विसरू नका: वाफवलेल्या बिया, फोडलेले पण सालीसकट गर, बोरम्यात (गर सुकवायच्या भट्टीत) वाळत असलेले, सोलून निवडायला ठेवलेले, आणि घरोघरी सोलायला दिलेला माल. तो शेवटचा गावातल्या वीस घरांत पसरलेला असतो आणि मोजणीत हमखास राहतो. ३० मार्चला तो परत मागवा.

मोजणीच्या दिवशी ऑडिटरने गोदामात हजर असायला हवे. मागच्या तीन वर्षांत कोणी आलेच नसेल तर ते दिवस परत आणता येत नाहीत. म्हणून ठरवले त्याच वर्षापासून त्याला बोलवा, आणि तो आयसीएआयच्या (सीएंच्या संस्थेच्या) पीअर रिव्ह्यूचे, म्हणजे कामाच्या तपासणीचे, प्रमाणपत्र असलेलाच निवडा. घरचा जुना सीए माणूस कितीही चांगला असला तरी प्रमाणपत्राविना त्याची सही इथे चालत नाही. त्याला करसल्लागार म्हणून ठेवा.

तिसरा प्रश्न रोख प्रवाहाचा. मार्चमधली खरेदी कॅश क्रेडिटवर झाली असेल तर कामकाजातला रोख प्रवाह ऋण होतो, पण वाढलेले कर्ज तो खड्डा भरते. तीच खरेदी भागीदारांनी खिशातले भांडवल घालून केली असेल तर भरपाईला काही राहत नाही, कारण भांडवल हे कर्ज नव्हे. एनएसईची मोकळ्या रोख प्रवाहाची अट अशा घरांना अडवते, धंदा धडधाकट असूनही. अशा वेळी बीएसईची दारे आधी तपासा.

कच्ची वही आणि बिनपगारी काका

कच्च्या वहीतला नफा लिस्टिंगसाठी शून्य. पर्यटकांच्या हंगामात काउंटरवर रोखीने गेलेला माल बिलात आला नसेल तर त्यावर बाजार भाव देत नाही, आणि तीन वर्षांचे हिशेब मागाहून 'सुधारणे' हा गुन्ह्याचा रस्ता आहे. आज बिलिंग पूर्ण करा आणि तीन वर्षे थांबा. दुसरी वाट नाही.

उलट दिशेची चूक जास्त घरांत असते. नफा दाखवलेला खरा, पण घरच्यांच्या फुकट श्रमावर उभा. कंपनीचा नफा १ कोटी ४० लाख. चौघे घरचे काम करतात, पगार नाही. प्रत्येकी साठ हजार धरा, वर्षाला २८ लाख ८० हजार. मडगावच्या बाजारातले दुकान काकांचे, भाडे नाही. महिना ऐंशी हजार धरले तर ९ लाख ६० हजार. उरले १ कोटी १ लाख ६० हजार. एक कोटीच्या अटीला १ लाख ६० हजारांनी पार. जुन्या वर्षांना पगार लावा असे कायदा म्हणत नाही, पण इश्यूनंतर पगार सुरू झाला की नफा एका फटक्यात खाली येतो आणि भागधारक विचारतात हे आधी का नव्हते. पगार आणि भाडे तीन वर्षे आधीच चालू करा, करार लिहून.

इश्यू प्रत्यक्षात

हा भाग मर्चंट बँकर चालवतो, म्हणून थोडक्यात. एसएमई इश्यू शंभर टक्के अंडरराइट करावा लागतो (न खपलेले शेअर घेण्याची हमी घ्यावी लागते), त्यातले किमान १५ टक्के मर्चंट बँकरने स्वतःच्या खात्यावर. त्याला निवडताना त्याने आधी आणलेल्या इश्यूंचे वर्षभरानंतरचे भाव पाहा. पहिल्या दिवसाची उसळी पाहू नका. लिस्टिंगनंतर तीन वर्षे मार्केट मेकर ठेवावा लागतो, तो दिवसातला किमान ७५ टक्के वेळ खरेदी-विक्री दोन्ही भाव देतो. अर्ज दोन लाखांच्या वरचा लागतो, त्यामुळे गावातले गिऱ्हाईक हौसेने दहा शेअर घेईल ही कल्पना सोडून द्या. किमान २०० जणांना वाटप व्हावे लागते. बंद झाल्यापासून तिसऱ्या कामाच्या दिवशी लिस्टिंग.

प्रवर्तकांचे किमान २० टक्के शेअर तीन वर्षे कुलपात. त्यावरच्यांतले निम्मे एक वर्षाने, उरलेले दोन वर्षांनी सुटतात. मुलीच्या शिक्षणासाठी शेअर विकू असे ज्याच्या मनात असेल त्याने तारखा आधी मोजाव्या.

किंमत ठरवताना हाव सुटते. गोपाल स्नॅक्सचा शेअर ४०१ रुपयांना दिला गेला आणि पहिल्या दिवशी त्याखालीच उघडला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राजकोटच्या कारखान्याला आग लागली. एका छपराखाली सगळे उत्पादन असणाऱ्यांनी ही गोष्ट विम्याच्या कागदासकट वाचावी: काजूच्या टरफलाचे तेल आणि बोरम्याची धग एकत्र असतात, आणि विमा मशीनचा असतो, बुडालेल्या नफ्याचा क्वचितच.

लिस्टिंगनंतरचे घर

एसएमई कंपनीला दर सहामाहीचे निकाल द्यावे लागतात. हिशेबाचा काळ संपल्यापासून निकाल जाहीर होऊन ४८ तास उलटेपर्यंत घरच्यांना शेअरची खरेदी-विक्री बंद. मोठी ऑर्डर, आग, परवान्याची नोटीस, नव्या कारखान्याचा बेत ही सगळी किमतीवर परिणाम करणारी गुप्त माहिती. ती कोणाला, कधी दिली याची नोंद कंपनीच्या डेटाबेसमध्ये ठेवावी लागते. गोव्यात अडचण अशी की अशी माहिती जत्रेच्या जेवणावळीत आणि फेस्ताच्या मांडवात फिरते. चुलतभावाने ऐकून शेअर घेतले तर सेबीचे पत्र दोघांना येते. घरातल्या प्रत्येकाचा पॅन त्या यादीत असतो हे सगळ्यांना, आजीसकट, एकदा बसून सांगा.

नको ठरले तर

पार्ले प्रॉडक्ट्स १९२९ पासून आहे आणि आजही लिस्टेड नाही. चितळे बंधूही नाहीत. पण बंगळूरच्या एमटीआरची गोष्टही समोर ठेवा: कुटुंबाने २००७ मध्ये धंदा नॉर्वेच्या ऑर्क्लाला विकला, आणि २०२५ मध्ये ऑर्क्ला इंडियाचा इश्यू आला तेव्हा ते शेअर ऑर्क्ला आणि इतर भागधारकांनी विकले. संपूर्ण विक्री हा स्वच्छ मार्ग आहे. फक्त पुढच्या वाढीत वाटा राहत नाही.

प्रायव्हेट कंपनी ठेवून भागधारकांचा करार करा. त्यात विकणाऱ्याने आधी घरच्यांना विचारायचे हे कलम हवे, जोडीदारांच्या सह्या हव्यात, आणि किमतीचे सूत्र हवे: दरवर्षी ताळेबंद मंजूर झाल्यावर ३० सप्टेंबरच्या आत शेअरची किंमत काढून सर्वांना कळवायची. बाहेर पडणाऱ्याचे पैसे किती हप्त्यांत, किती व्याजाने, तेही आत्ताच लिहा. मॉल आणि मोठ्या साखळ्यांकडची थकबाकी ट्रेड्सवर (छोट्या धंद्यांची बिले वटवणाऱ्या ऑनलाइन मंचावर) बिल वटवून मोकळी होते, आणि काजूच्या हंगामासाठी बँकेकडून वर्षभराच्या एका मर्यादेऐवजी मार्च ते ऑगस्टपुरती वाढीव मर्यादा मागता येते. तिचा अर्ज डिसेंबरमध्ये द्या. मार्चमध्ये दिलात तर मंजुरी पावसाबरोबर येते.